तारतम्य

काही शब्द आपल्या तोंडी इतके रुळलेले असतात की त्यांच्या आत कुणी राहत असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. 'तारतम्य' हा तसाच एक शब्द. घरातले वडीलधारे मुलांवर रागावून 'काही तारतम्य आहे की नाही?' असे विचारतात तेव्हा त्यांना पोच हवी असते, वेळ-प्रसंग ओळखून वागणे हवे असते. व्याकरणाची आठवण त्या घटकेला कुणालाच होत नाही. पण हा शब्द सावकाश उकलून पाहावा, तर आत दोन प्रत्यय शेजारी शेजारी बसलेले दिसतात, 'तर' आणि 'तम'. शाळेतला लघुतम साधारण विभाज्य आठवा, म्हणजे लघु, लघुतर, लघुतम ही चढण ध्यानात येईल. दोहोंत जो अधिक ठरतो त्याला 'तर' लागतो, सर्वांत जो अधिक ठरतो त्याला 'तम' लागतो, आणि या 'तर-तम'चा जो भाव, पहिल्या अक्षराची वृद्धी होऊन सिद्ध झालेला, ते तारतम्य. म्हणजे ज्या शब्दाने आपण शहाणपण सुचवतो तो मुळात क्रम लावण्याचा शब्द आहे. क्रम लावणे ही तर बाजारातही चालणारी गोष्ट. तिच्यातून शहाणपणाचा अर्थ कसा उगवला, या एका प्रश्नापाशी मी बरीच वर्षे घुटमळतो आहे, आणि गंमत अशी की पोथीपुढे बसून त्याची जेवढी उकल झाली तेवढीच जानेवारीतल्या पुण्यात, चित्रपट महोत्सवाच्या रांगेत उभे राहूनही झाली.

हा महोत्सव 2002 पासूनचा. त्याला आपण लाडाने 'पिफ' म्हणतो. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत कॅटलॉग, पाण्याची बाटली आणि पोळीभाजीची एक गुंडाळी, अशा थाटात माणसे सकाळच्या पहिल्या खेळापासून रात्रीच्या शेवटच्या खेळापर्यंत एका पडद्याकडून दुसऱ्या पडद्याकडे जात असतात, आणि मधल्या चहाला एकच प्रश्न फिरत असतो: 'आजचा एक नंबर कोणता?' मीही त्यांतलाच. कॅटलॉगच्या शेवटच्या कोऱ्या पानावर रात्री घरी येऊन दिवसभर पाहिलेल्या चित्रपटांची नावे उतरत्या क्रमाने लिहायची, दुसऱ्या दिवशी नवी नावे मध्ये घुसवायची, बाण काढायचे, खोडायचे, आणि आठव्या दिवशी तयार झालेली यादी एखाद्या न्यायालयाचा निकाल असावा तशी मित्रांना वाचून दाखवायची, हा क्रम मी वर्षानुवर्षे पाळला. त्या पानाला तारतम्य म्हणावे का, ही शंका बरीच उशिरा आली.

आली ती व्याकरणाच्याच वाटेने. 'तर' म्हणायला दोन पुरेत, 'तम' म्हणायला मात्र सगळे डोळ्यांपुढे हवेत. आणि महोत्सवात सगळे कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतात. एकाच वेळी पाच पडद्यांवर पाच चित्रपट चालू असतात, त्यांतला एक धरला की चार सुटतात, आणि आठवडाभर जिवाचे रान केले तरी हाती लागतात वीस-पंचवीस. म्हणजे माझ्या यादीतला प्रत्येक 'तम' हा प्रत्यक्षात दबकत बसलेला एक 'तर' असतो. प्रामाणिकपणे मला एवढेच म्हणता येते की हा मला त्याहून भिडला. आपली भाषा या बाबतीत भारी उधळी आहे. 'उत्तम' या शब्दात 'उद्' म्हणजे वर आणि 'तम' म्हणजे सर्वाधिक, इतके सगळे आधीच भरलेले असताना आपण त्याला 'सर्व' लावून सर्वोत्तम केले, 'अति' लावून अत्युत्तम केले, आणि तेवढ्यानेही समाधान होईना म्हणून उत्तमोत्तम करून टाकले. त्याचा सख्खा भाऊ मात्र बिचारा साधा राहिला: उद् अधिक तर, उत्तर. वरचा, नंतरचा, आणि प्रश्नाला दिलेला जबाब, हे सगळे अर्थ त्या एका शब्दात नांदतात. मला वाटते, महोत्सवात एकामागून एक चित्रपट पाहणाऱ्याने हा भाऊ जवळ करावा. दुपारी पाहिलेला चित्रपट सकाळच्या चित्रपटाच्या 'उत्तर' असतो तो नंतरचा म्हणून, आणि पुष्कळदा त्याला दिलेला जबाब म्हणूनही. तो वरचा आहे की खालचा हे त्यातून आपोआप ठरत नाही. (तम म्हणजे अंधारही, पण तो तमस् वेगळा आणि हा प्रत्यय वेगळा, दोघांना एकत्र बसवले तर वैयाकरण रागावतील. अंधारात बसूनच आपण 'तम' शोधत असतो एवढी मौज मात्र त्यांनी मला करू द्यावी.)

चित्रपट महोत्सवांचा इतिहास पाहिला तर या प्रत्ययांशी माणसे कशी झुंजली हे दिसते. व्हेनिसला 1932 मध्ये पहिला महोत्सव भरला तेव्हा परीक्षक मंडळ नव्हते. प्रेक्षकांचाच कौल घेतला. दोन वर्षांत तिथे मुसोलिनीच्या नावाचा चषक आला, आणि क्रम लावणारा हात कुणाचा हे चषकावरच कोरले गेले. 1938 मध्ये तो चषक नाझी जर्मनीच्या 'ऑलिंपिया'ला मिळाला, त्या संतापातून फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवाची कल्पना निघाली, आणि महायुद्ध ओसरल्यावर 1946 मध्ये तो खऱ्या अर्थाने भरला. तिथे काय झाले हे मला फार अर्थपूर्ण वाटते: सर्वोच्च पुरस्कार एका चित्रपटाला न देता अकरा चित्रपटांना दिला. रोझेलिनींचा 'रोम, ओपन सिटी' त्यांत होता, डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर' होता, आणि आपल्या चेतन आनंदांचा 'नीचा नगर'ही होता. प्रत्येक देशाला खूश ठेवण्याचा तो मुत्सद्दीपणा होता असे म्हणता येईल, आणि तसा तो होताही. परंतु नुकतेच एकमेकांची शहरे बेचिराख करून आलेले देश एका सभागृहात बसलेले असताना 'तम' एकाच्याच गळ्यात घालणे हे त्या क्षणी तारतम्य सोडून झाले असते, असेही मला वाटते. क्रम न लावण्याचाही एक प्रसंग असतो, आणि तो ओळखायला क्रम लावता येणारीच दृष्टी लागते.

आपल्याकडचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव 24 जानेवारी 1952 ला मुंबईत सुरू झाला, तोही स्पर्धेवाचून. त्यात डी सिकांचा 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला, तो पाहून बिमल रॉय यांच्या मनात जे पेरले गेले ते पुढच्या वर्षी 'दो बिघा जमीन' होऊन उगवले. या महोत्सवात सुवर्णमयूर हा पुरस्कार आला 1965 मध्ये, आणि सत्यजित राय अध्यक्ष असलेल्या परीक्षक मंडळाने तो श्रीलंकेच्या लेस्टर जेम्स पेरिस यांच्या 'गंपेरलिय'ला दिला. या दोन वर्षांत कोणते वर्ष थोर, असे विचारू नये. पहिल्याने बी दिले, दुसऱ्याने मान दिला. शेतकऱ्याला विचाराल तर तो पेरणी आणि राशीत 'तर-तम' करणार नाही.

आणि 'संत तुकाराम'? प्रभातचा हा 1936 चा चित्रपट 1937 मध्ये व्हेनिसला गेला आणि तिथे वाखाणला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो; पिफमधल्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या पुरस्कारालाही त्याचेच नाव आहे. दामले-फत्तेलाल यांनी घडवलेला, विष्णुपंत पागनिसांच्या डोळ्यांनी पाहिलेला तो देहूचा वाणी हुकूमशहाच्या नावाच्या चषकासमोर उभा आहे, हे चित्र मी कधी कधी मनाशी आणतो. स्वतःला अणूहून लहान आणि आकाशाएवढा एकाच दमात म्हणवणाऱ्या माणसाला कोणत्या पायरीवर बसवणार? त्याने मोजपट्टीची दोन्ही टोके एकदम हातात धरली आहेत. वारीत आजही दोन वारकरी भेटले की प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायाला आधी हात लावू पाहतो. तिथे दोघेही एकमेकांचे 'तर' असतात. व्याकरणाला हे मान्य होणार नाही, पण तारतम्याचा हा अर्थही आपल्याच मातीत उगवलेला आहे.

याहून जुन्या काळात जावे, तर भरताच्या नाट्यशास्त्रातला सत्ताविसावा अध्याय उघडावा. प्रयोगांची स्पर्धा, तिचे परीक्षक, जिंकणाऱ्याला मिळणारी पताका, सगळे तिथे आहे. रंगलेल्या जागा आणि बिघडलेल्या जागा टिपून ठेवणारे लेखक आणि त्यांची मोजदाद करणारे गणकही आहेत. म्हणजे कॅटलॉगच्या मागच्या पानावर आकडेमोड करणारा मी काही नवे पाप करत नाही. प्रयोगात येणारी विघ्ने सांगताना भरतमुनी वारा, पाऊस, आग यांच्यासोबत हितशत्रूंनी केलेला आरडाओरडा आणि फेकलेले शेणही गणतात. शेजारच्या खुर्चीतला उजळलेला मोबाइल त्यांनी कोणत्या कोष्टकात टाकला असता, हा विचार मी पुष्कळ खेळांना केला आहे. परंतु त्या अध्यायातले मर्म परीक्षकांच्या नेमणुकीत आहे. त्यांना प्राश्निक म्हणतात आणि ते एका जातीचे नसतात: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. यज्ञाचा प्रसंग यज्ञ जाणणाऱ्याने पारखायचा, धनुष्य धरून उभे राहण्यातला डौल धनुर्धराने, शृंगार गणिकेने, वेषभूषा चित्रकाराने. कुणा एकाच्या हाती सगळी मोजपट्टी दिलेली नाही. हे वाचल्यापासून तारतम्य म्हणजे एका उंच खुर्चीवरून दिसणारा क्रम, ही माझी समजूत ढिली झाली. ते अनेक जाणत्यांमध्ये वाटून दिलेले आहे, आणि ज्याला जे कळते त्याने तेवढ्याचीच ग्वाही द्यायची आहे. शिवाय भरतमुनी सिद्धीही दोन सांगतात. हसणे, वाहवा, रोमांच, उठून उभे राहणे, ही मानुषी सिद्धी; आणि जिथे नाट्यगृह भरलेले असते पण आवाज नसतो, क्षोभ नसतो, काही उत्पात नसतो, ती दैवी. चित्रपट संपला, नामावली सरकते आहे, दिवे लागले आहेत आणि तरी कुणी उठत नाही, अशी मिनिटे महोत्सवात वर्षातून एखाद-दोनदाच येतात. ज्यांनी ती अनुभवली त्यांना दैवी या विशेषणाचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

आता तैत्तिरीय उपनिषदाकडे वळू, कारण तारतम्याची सगळ्यांत निर्भीड यादी तिथे आहे. आनंदाची मोजणी करायला बसलेला तो ऋषी आधी एकक ठरवतो: एक तरुण, सज्जन, अभ्यासू, धडधाकट, आणि सगळी धनधान्याने भरलेली पृथ्वी त्याची. हा झाला एक मानुष आनंद. मग त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, पुढे पितर, देवांचे प्रकार, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, असे दहा वेळा शंभराने गुणत तो ब्रह्मानंदापाशी पोहोचतो. कॅटलॉगच्या पानावर पाचांपैकी साडेतीन तारे देणाऱ्याला या धाडसापुढे हात जोडावेत असे वाटते. पण त्या यादीत एक पालुपद आहे, आणि ते फार जपून ऐकले पाहिजे. दुसऱ्या पायरीपासून प्रत्येक पायरीवर ऋषी म्हणतो की हा आनंद त्या श्रोत्रियाचाही आहे जो कामनेने घायाळ झालेला नाही. गंधर्वाची पायरी आली, त्यालाही आहे. इंद्राची आली, त्यालाही आहे. ब्रह्मानंदाची आली, तरीही आहे. म्हणजे शिडी लावली ती खरीच लावली, एकही पायरी खोटी ठरवली नाही, आणि तिच्या प्रत्येक पायरीशेजारी एक माणूस जमिनीवरच उभा करून ठेवला. श्रोत्रिय म्हणजे ज्याने ऐकले आहे, शिकले आहे. अजाण माणसाला ही सवलत नाही. आणि अकामहत म्हणजे ज्याला हवेपणाचा तडाखा बसलेला नाही. मी महोत्सवात कामहत होऊन हिंडत होतो हे मला या पालुपदाने दाखवले. सर्वश्रेष्ठ चित्रपट हुकू नये या हव्यासात समोरचा चित्रपट पाहताना अर्धे मन पुढच्या रांगेत उभे असायचे, आणि नंतर रात्री त्या अर्ध्या मनाने पाहिलेल्याला मी गुण द्यायचो.

माध्वमतात तर तारतम्य हा पारिभाषिक शब्दच आहे. तिथे देवांमध्ये तारतम्य आहे, जीवांमध्ये आहे, आणि मुक्तीनंतरच्या आनंदातही ते आहे. हे प्रथम ऐकताना कडक वाटते, मोक्षातही रांगा? पण त्यावरचे स्पष्टीकरण असे की लोटा लहान, हंडा मोठा, तरी दोन्ही काठोकाठ भरलेले असतील तर अपुरे कुणीच नाही, आणि म्हणून मत्सरही नाही. बारा मिनिटांचा एखादा लघुपट आणि साडेतीन तासांचा एखादा महापट एकाच यादीत कसे बसवायचे, ही अडचण मला अनेक वर्षे सतावत असे. लोटा भरला होता का, एवढे आता मी पाहतो.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण निरूपण करणाऱ्याने आपले पान लपवू नये. यासुजिरो ओझूंचा 'टोकियो स्टोरी' हा 1953 चा चित्रपट मी विशीच्या उत्तरार्धात पहिल्यांदा पाहिला आणि त्या आठवड्याच्या यादीत त्याला सातवा क्रमांक दिला. शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते: 'संथ. काही घडत नाही.' ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, विधवा सून तेवढी आपुलकीने वागते, ते परत जातात, म्हातारी मरते. हे सगळे 'काही न घडणे' होते माझ्या लेखी. बावीस वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा माझी आई जाऊन आठ महिने झाले होते, आणि शेवटच्या वर्षात ती पुण्याला आमच्याकडे आली असता मी तिच्याबरोबर एक सबंध दुपार काढली नव्हती. त्या खेळाला मी गुण दिले नाहीत. सासऱ्याने सासूचे घड्याळ सुनेच्या हातात ठेवले तिथपासून मला पडदा नीट दिसत नव्हता. चित्रपट तोच, जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा तोच, सातवा क्रमांक दिलेला माणूस मात्र आता सापडत नव्हता. मग जुने पान काढून पाहिले. त्या वर्षी पहिला आलेला चित्रपट कोणता, तर नाव वाचूनही त्यातले एक दृश्य आठवेना.

मोठ्या याद्यांचेही असेच होते, हे कळल्यावर थोडे हायसे वाटले. लंडनचे 'साइट अँड साउंड' मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी करते. पहिल्या यादीत अग्रभागी होता तोच 'बायसिकल थीव्ज', जो त्याच वर्षी मुंबईकरांनी पाहिला. आणि 'सिटिझन केन' पहिल्या दहांतही नव्हता. पुढे 1962 पासून 2002 पर्यंत पाचही वेळा 'केन' पहिला. 2012 मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो' आला, 2022 मध्ये शांताल आकेरमानचा 1975 सालचा 'झान डिलमान', ज्यात एक विधवा तीन तास एकवीस मिनिटांच्या अवधीत अंथरूण घालते, भांडी घासते, बटाटे सोलते, आणि तिच्या दिनक्रमाला हळूहळू तडा जातो. या सत्तर वर्षांत त्या चित्रपटांची एक चौकटही बदललेली नाही. त्या बाईच्या बटाट्यांकडे पाहायला मात्र जगाला सत्तेचाळीस वर्षे लागली. स्वयंपाकघर ज्यांना आतून ठाऊक आहे अशा परीक्षकांना कौल द्यायला बोलावले गेले, तेव्हा ते घडले. भरतमुनींना याचे नवल वाटले नसते.

म्हणून यादी करणे मी सोडले, असे मात्र समजू नका. काही सज्जन म्हणतात की सगळेच चित्रपट आपापल्या जागी चांगले. मला ही उदारता आळसाची वाटते. ज्याला सगळे सारखे वाटतात त्याने नीट पाहिलेले नसते, आणि वाईट चित्रपटाला वाईट म्हणण्याची लाज वाटणे ही रसिकता नव्हे. 'तर' म्हणण्यासाठी दोन वस्तू मनात एकाच वेळी धराव्या लागतात, एक विझू न देता दुसरी पाहावी लागते. हा व्यायाम आहे आणि तो केल्याशिवाय नजर तयार होत नाही. पान मी अजूनही भरतो. फक्त आता पेन्सिलीने लिहितो.

गेल्या जानेवारीत शेवटच्या दिवशी रांगेत माझ्या पुढे मिरजेकडचे एक गृहस्थ उभे होते. दरवर्षी लेकीकडे उतरतात आणि आठ दिवस चित्रपट पाहतात. बोलता बोलता मी पान उघडून दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट फिरवत फिरवत तळाशी आले आणि थांबले. तिथे डोंगराळ मुलखातल्या एका गुराख्याचा चित्रपट होता, मला तो लांबलेला आणि भाबडा वाटला होता.

"हा तुमचा शेवटचा?" ते म्हणाले. "माझा पहिलाच की हो."

मी विचारले, काय दिसले त्यात.

"ती गाय अडते बघा रात्री, आणि तो पोरगा हात घालतो. मी चाळीस वर्षं गुरं सांभाळली. तो हात खरा होता. तोंड नाटकी होतं त्याचं, पण हात खरा. आधी कोपर पुसलं त्यानं, पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते. त्या वेळी बहुधा मी पुढच्या खेळाची वेळ पाहत होतो. पेन्सिल काढली, तळाचे नाव खोडले, आणि ते वर कुठे घालावे हे ठरेना म्हणून समासात उभे लिहून ठेवले. तेवढ्यात दार उघडले, रांग सरकू लागली. त्यांना आतल्या बाजूची खुर्ची हवी होती, पाय लांब करता येत नाहीत म्हणाले. मी वाट दिली, आणि आम्ही बसतो न बसतो तोच दिवे गेले.